संघही आणि कार्यालयही: अमेरिकेतील एका महाविद्यालयीन सॉकर प्रशिक्षिकेचे प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या ईशान्य भागातील एका लहान खासगी महाविद्यालयातले आहे. तेथे सॉकर (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ) खेळलेल्या एका विद्यार्थिनीने पुढे त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले, काही वर्षे संघ आणि क्रीडा विभागाचे प्रशासन अशी दोन्ही कामे एकाच वेळी केली आणि अखेरीस त्या महाविद्यालयाच्या क्रीडा संचालक झाल्या. ओळख पटू नये म्हणून व्यक्तींची व संस्थेची नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. महाविद्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकात ही वाटचाल सरळ चढत्या पायऱ्यांसारखी दिसते. या टिपणाचा भर मात्र मधल्या दहा-अकरा वर्षांच्या दुहेरी पदावर आहे, कारण त्या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली हे प्रसिद्धिपत्रकात येत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ ही तरतूद कायद्यात आली आणि केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई झाली. मूळ तरतुदीत खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. तरीही तिचा सर्वांत ठळक परिणाम महाविद्यालयीन मैदानांवर झाला. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने महिलांची पहिली सॉकर स्पर्धा १९८२ मध्ये भरवली. तिच्या तिसऱ्या विभागातील, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांसाठीची वेगळी महिला स्पर्धा १९८६ मध्ये सुरू झाली. प्रस्तुत प्रशिक्षिका १९९० च्या दशकाच्या आरंभी महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा तेथील महिला संघ नवखा होता आणि त्याचा प्रशिक्षक हे काम अर्धवेळ करत होता.

तिसऱ्या विभागाचे अर्थकारण येथेच समजून घेणे इष्ट, कारण पुढचे बरेच निर्णय त्यातून आले आहेत. या विभागात खेळातून तिकीटविक्रीचे किंवा दूरचित्रवाणीचे उत्पन्न जवळजवळ नसते. मग लहान महाविद्यालये वीस-वीस संघ कशासाठी चालवतात? तर संघ असला की विद्यार्थी येतात आणि विद्यार्थी शुल्क भरतात. अशा काही महाविद्यालयांत एकूण विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या संघात असतात. त्यामुळे प्रशिक्षक हा प्रवेश विभागाचाही बिनबोभाट कर्मचारी असतो. दर वर्षी किती नवे खेळाडू आणायचे याची अपेक्षा त्याला स्पष्टपणे सांगितलेली असते. क्रीडा संचालक हे पद आपल्याकडील महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाशी मिळतेजुळते वाटले तरी त्याचा व्याप बराच मोठा आहे. सर्व संघांचे प्रशिक्षक, अंदाजपत्रक, मैदाने, प्रवास, वैद्यकीय व्यवस्था, नियमपालन आणि देणगीदार हे सगळे त्याच्या अखत्यारीत येते.

प्रशिक्षिका बचावफळीत मध्यभागी खेळत आणि शेवटच्या वर्षी त्या कर्णधार होत्या. पदवी इतिहासाची होती. त्या बाहेर पडल्या तेव्हा अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग अस्तित्वात नव्हती. पहिली लीग २००१ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये बंदही पडली. खेळाशी नाते टिकवायचे तर प्रशिक्षण हाच मार्ग होता. त्यांनी एका विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून काम करण्याच्या मोबदल्यात शुल्कमाफी मिळवून क्रीडा प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घेतले, नंतर एका मोठ्या संघाकडे सहायक म्हणून काम केले आणि १९९८ मध्ये आपल्याच महाविद्यालयात पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून परतल्या. वेळ अनुकूल होती. पुढच्याच वर्षी, १९९९ च्या जुलैत, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर झाला, अमेरिका जिंकली आणि शाळकरी मुलींच्या सॉकरला मोठी उभारी आली. पुढच्या दशकात त्यांचा संघ आपल्या परिषदेतील, म्हणजे आपसांत नियमित सामने खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटातील, भक्कम संघांपैकी एक झाला. मुली शिकायलाही चांगल्या असत, चार वर्षे टिकत, आणि महाविद्यालयाला ते हवेच होते.

दुहेरी पद कसे तयार झाले

२००८ च्या आर्थिक संकटानंतर महाविद्यालयाच्या गंगाजळीचे मूल्य घसरले आणि रिक्त पदे भरण्यावर बंदी आली. क्रीडा विभागातील एक सहायक संचालक त्याच सुमारास निवृत्त झाले. त्यांची जागा न भरता त्यांची कामे प्रशिक्षकांमध्ये वाटून देण्याचे ठरले आणि मोठा वाटा प्रशिक्षिकेकडे आला: मैदानांचे वेळापत्रक, नियमपालनाची कागदपत्रे आणि खेळाडूंच्या कल्याणाशी संबंधित तक्रारी. एनसीएएच्या सदस्य महाविद्यालयांत क्रीडा प्रशासनातील सर्वांत वरिष्ठ स्त्रीला एक औपचारिक दर्जा दिला जातो. तोही त्यांच्याकडे आला, कारण त्या विभागाच्या प्रशासनात दुसरी स्त्री नव्हती.

त्यांनी होकार दिला त्यामागे पटण्यासारखी कारणे होती. प्रशिक्षक म्हणून त्यांचा करार दहा महिन्यांचा होता, तो बारा महिन्यांचा झाला, वेतन वाढले, आणि कधीतरी गुडघे साथ देणार नाहीत तेव्हा मैदानाबाहेर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर समोर आले. विभागाच्या जुन्या संचालकांना प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम सेवेची हमी होती. पूर्वी अनेक महाविद्यालयांत प्रशिक्षकांना ती मिळे. प्रशिक्षिकेच्या पिढीला ती मिळाली नव्हती आणि दर वर्षी नूतनीकरण होणाऱ्या करारावर काम करणाऱ्या माणसाला जादा जबाबदारी नाकारणे सोपे नसते.

करारात वेळेची विभागणी निम्मी-निम्मी लिहिलेली होती. कागदावर ती नीटस दिसत असली तरी ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, हंगाम चालू असताना, तिला काही अर्थ नव्हता. आठवड्याला दोन सामने, त्यांतील एक बहुधा बसने चार-पाच तासांवर, दररोज सराव, सामन्यांच्या चित्रफिती पाहणे आणि शनिवार-रविवारी पुढच्या वर्षीचे खेळाडू हेरण्यासाठी क्लबच्या स्पर्धांना जाणे, एवढ्यानेच आठवडा भरत असे. कार्यालयीन कामाचा भारही नेमका तेव्हाच येतो: पात्रतेची कागदपत्रे, मैदानांचे वाटप आणि १९९४ च्या कायद्यानुसार दर वर्षी केंद्र सरकारला सादर करावयाचा महिला-पुरुष खेळांच्या खर्चाचा अहवाल. जे मावत नव्हते ते सहायक प्रशिक्षिकेकडे सरकत गेले.

ही सहायक प्रशिक्षिका त्यांनीच निवडलेली होती. आधी अर्धवेळ, नंतर पूर्णवेळ. दुहेरी पदाच्या पहिल्या दोन वर्षांतच खेळाडू शोधण्याचे जवळपास सगळे दौरे तिच्याकडे गेले. मुली महाविद्यालय निवडताना तिच्याशी बोलत, पालकांचे फोन तिला येत. ती कामात तरबेज झाली हे खरे, पण ती एका प्रकारच्याच कामात तरबेज झाली. तिच्या वाटणीचे मैदानावरचे तास कमी झाले आणि प्रशिक्षक परवान्याचे पुढचे अभ्यासक्रम दर वर्षी ‘पुढच्या उन्हाळ्यात’ ढकलले गेले, कारण उन्हाळ्यात स्पर्धांना जायला दुसरे कोणी नव्हते. ही गोष्ट त्या काळात कोणाच्याही नजरेत समस्या म्हणून आली नाही.

समस्या

२०१६ च्या शरद ऋतूत एकाच हंगामात दोन तक्रारी आल्या.

पहिली मैदानी हॉकीच्या प्रशिक्षिकेची होती. महाविद्यालयाकडे दिव्यांची सोय असलेले कृत्रिम हिरवळीचे एकच मैदान होते आणि शरद ऋतूत त्यावर अमेरिकन फुटबॉल, महिला हॉकी, महिला सॉकर व पुरुष सॉकर असे चार संघ हक्क सांगत. दुपारची विज्ञान प्रयोगशाळेची सत्रे संपल्यानंतरचा, साधारण साडेचार ते साडेसहाचा वेळ सर्वांना हवा असतो. हॉकीचे म्हणणे असे की, गेली कित्येक वर्षे हा वेळ फुटबॉल आणि महिला सॉकर यांच्यातच वाटला जातो, हॉकीला मात्र रात्री साडेसातनंतर किंवा पहाटे मैदान मिळते. सॉकर नैसर्गिक गवतावरही खेळता येते, महाविद्यालयीन हॉकी मात्र आता कृत्रिम पृष्ठभागावरच खेळली जाते. म्हणजे ज्यांची गरज अधिक त्यांनाच उरलेला वेळ मिळत होता. आणि वेळापत्रक सॉकरची प्रशिक्षिकाच ठरवते.

वेळापत्रक तपासले तेव्हा आरोपातील वस्तुस्थिती खरी निघाली, हेतू मात्र सापडला नाही. प्रशिक्षिकेने दर वर्षी खेळाडूंच्या प्रयोगशाळांच्या वेळा पाहून वाटप केले होते. फक्त स्वतःच्या संघातील प्रत्येक मुलीची अडचण त्यांना तोंडपाठ होती, तर इतर संघांची माहिती प्रशिक्षक जेवढी कळवतील तेवढीच. हॉकीच्या प्रशिक्षिका नव्या होत्या, त्यांनी फारशी कळवली नव्हती. पक्षपात करण्याची इच्छा नसतानाही पक्षपात घडण्याचा हा अगदी सामान्य मार्ग आहे, आणि म्हणूनच ज्याचा स्वतःचा संघ आहे त्याच्याकडे वाटपाचे काम ठेवू नये असे म्हणतात. माणूस कितीही सरळ असला तरी त्याला एकाच बाजूचे तपशील ठाऊक असतात.

या वादात आणखी एक गोष्ट दडलेली होती. टायटल नाइनखाली तुलना होते ती पुरुषांच्या एकूण कार्यक्रमाची आणि महिलांच्या एकूण कार्यक्रमाची. महिला सॉकरला मिळालेली सोय महिला हॉकीला मिळाली नाही एवढ्याने त्या तरतुदीचा भंग ठरत नाही. त्यामुळे कायदेशीर सल्लागारांनी ही ‘अंतर्गत बाब’ असल्याचे सांगितले आणि प्रशासनाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण फुटबॉलचा दोन तासांचा राखीव वेळ कोणीही चर्चेला घेतला नव्हता. शंभराच्या आसपास खेळाडू असलेल्या त्या संघाचा वेळ कधीच हलत नव्हता, आणि उरलेल्या तुकड्यावर दोन महिला संघ एकमेकींशी भांडत होते. सराव कोणत्या वेळी मिळतो हा टायटल नाइनच्या तपासणीतील एक मुद्दा आहे. महिला संघांना एकूण मिळून कोणत्या वेळा मिळतात हा प्रश्न विचारला गेला असता तर तो खरोखर कायद्याचा प्रश्न ठरू शकला असता. तो विचारणे हे विभागातील सर्वांत वरिष्ठ स्त्री-प्रशासकाचे काम होते. त्या मात्र या वादात स्वतःच एक बाजू होत्या.

दुसरी तक्रार महिला सॉकर संघातील एका खेळाडूच्या पालकांची. मुलीला खेळण्याची संधी कमी मिळते आणि डोक्याला मार लागल्यानंतर तिच्या पुनरागमनाबाबत तिच्याशी नीट बोलले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वैद्यकीय निर्णय नियमानुसार अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती हाताळणारा वैद्यकीय कर्मचारी) आणि डॉक्टरांनी घेतला होता; त्यात त्रुटी आढळली नाही. पण पालकांनी संकेतस्थळावर तक्रार कोणाकडे करायची ते पाहिले तेव्हा तेथे प्रशिक्षिकेचेच नाव होते. त्यांनी तो मजकूर थेट महाविद्यालयाच्या अध्यक्षांना पाठवला. तक्रारीच्या गुणदोषांपेक्षा या एका गोष्टीने अध्यक्ष अधिक अस्वस्थ झाले, आणि ते योग्यच होते.

विचारात घेतलेले पर्याय

डिसेंबरमध्ये, हंगाम संपल्यावर, जुने संचालक, विद्यार्थी विभागाचे अधिष्ठाता आणि प्रशिक्षिका यांनी बसून चर्चा केली. प्रशिक्षिकेने केवळ प्रशिक्षणाकडे परत जावे, हा पहिला पर्याय. त्यात वेतन आणि करार दोन्ही मागे जाणार होते, शिवाय तक्रारीनंतर लगेच पद काढून घेतल्यासारखे दिसले असते. दुसरा पर्याय याच्या उलट होता: संघ सोडून पूर्णवेळ प्रशासन. पण तसे पूर्णवेळ पद अंदाजपत्रकात नव्हते आणि प्रशिक्षिकेची मनाची तयारीही नव्हती. ज्या मुलींना त्यांनी स्वतः घरी जाऊन महाविद्यालयात आणले होते त्यांना मध्येच सोडणे त्यांना पटेना. तिसऱ्या विभागात खेळाडूला बांधून ठेवणारा करार नसतो, विद्यार्थिनी बहुतांशी शब्दावर येते. त्यामुळे हा विचार केवळ भावनेचा म्हणता येणार नाही. तिसरा पर्याय बाहेर पडण्याचा होता. दुसऱ्या एका महाविद्यालयाने त्यांना सहायक संचालक पदासाठी विचारले होते, पण त्यांच्या वृद्ध वडिलांची देखभाल त्याच गावात होती आणि हा विषय तेथेच थांबला.

राहिला चौथा: दुहेरी पद ठेवायचे, पण त्यातील परस्परविरोधी हितसंबंध असलेली कामे काढून घ्यायची. हाच स्वीकारला गेला.

पहिला निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

खेळाडूंच्या तक्रारी विद्यार्थी विभागाच्या अधिष्ठात्यांकडे गेल्या. मैदानाचे वाटप सुविधा व्यवस्थापकाकडे देण्यात आले. त्यावर देखरेखीसाठी, प्राध्यापकांतून क्रीडा विभागावर नेमलेल्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली, छोटा गट नेमला गेला. नियम लिहून काढले गेले: पसंतीचा वेळ संघांमध्ये आळीपाळीने फिरेल, ज्या खेळाला विशिष्ट पृष्ठभाग लागतो त्याला त्या पृष्ठभागावर अग्रक्रम मिळेल आणि प्रत्येक संघाने प्रयोगशाळांच्या वेळा ठरावीक तारखेपर्यंत लेखी कळवायच्या. फुटबॉललाही आठवड्यातून एक दिवस वेळ सोडावा लागला. त्यावर झालेली नाराजी अपेक्षेपेक्षा कमी होती. एवढे सोपे होते तर ते इतकी वर्षे का झाले नाही, असा प्रश्न गटातील प्राध्यापकांनी विचारल्याचे इतिवृत्तात नोंदलेले आहे. उत्तर नोंदलेले नाही.

हा निर्णय चांगला होता, पण अपुरा होता. वाद ज्या कामांमुळे झाला ती कामे हलवली गेली. वाढलेल्या कामाचा भार मात्र तसाच राहिला. उलट, मोकळ्या झालेल्या वेळात देणगीदारांशी संपर्काचे नवे काम प्रशिक्षिकेकडे आले, कारण त्या माजी खेळाडू होत्या आणि त्यांना ते उत्तम जमत असे. सहायक प्रशिक्षिकेच्या कामाचा विषय त्या डिसेंबरच्या बैठकीत निघालाच नाही.

दुसरा निर्णय: संघ सोडणे

२०२० च्या आरंभी जुन्या संचालकांनी निवृत्ती जाहीर केली. १२ मार्च रोजी एनसीएएने कोविडमुळे वसंत ऋतूतील सर्व राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या आणि महाविद्यालयाने बाहेरून नवा संचालक शोधण्याचे काम थांबवले. जुलैपासून प्रशिक्षिकेला प्रभारी संचालक नेमण्यात आले, आणि संघही त्यांच्याकडेच राहिला. ऑगस्टमध्ये तिसऱ्या विभागाच्या शरद ऋतूतील राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाल्या; त्यांच्या परिषदेने सामनेच घेतले नाहीत. त्या वर्षी दोन्ही पदे एकत्र सांभाळता येतात असे वाटले याचे कारण एवढेच की त्यांपैकी एक पद जवळजवळ बंद होते. अध्यक्षांनी आणि प्रशिक्षिकेनेही हा अनुभव पुढच्या वर्षाचा अंदाज म्हणून धरला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी गफलत ती आहे.

२०२१ च्या वसंतात अध्यक्षांनी कायम पद देऊ केले. अट एकच होती: संघ सोडावा लागेल. प्रशिक्षिकेने एक शेवटचा हंगाम मागितला. रद्द झालेल्या वर्षाची भरपाई म्हणून एनसीएएने खेळाडूंना आणखी एका हंगामाची पात्रता दिली होती आणि चौघी मुली केवळ त्यासाठी एक सत्र लांबवून राहणार होत्या. त्यांना त्यांच्याच प्रशिक्षिकेसोबत खेळू द्यावे, असा युक्तिवाद होता. अध्यक्षांनी तो मान्य केला. सहायक प्रशिक्षिकेला ‘सहयोगी मुख्य प्रशिक्षक’ असे पदनाम मिळाले. वेतनात बदल झाला नाही.

तो हंगाम कठीण गेला. महामारीनंतर देशभर अ‍ॅथलेटिक ट्रेनरची टंचाई होती आणि महाविद्यालयातील तीनपैकी दोन पदे रिकामी पडली. ट्रेनर नसेल तर सामना खेळवता येत नाही, म्हणून वेळापत्रक रोज बदलत होते. दोन संघांच्या प्रशिक्षकांनी हंगामाच्या तोंडावर राजीनामे दिले. विश्वस्त मंडळाच्या बैठकीमुळे प्रशिक्षिकेला दूरगावचा एक महत्त्वाचा सामना सोडावा लागला आणि संघ तो हरला. त्या मागे राहिल्या नसत्या तर संघ जिंकला असता असे म्हणता येणार नाही, पण खेळाडूंनी तसेच म्हटले. हंगामाअखेरच्या निनावी अभिप्रायांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: आम्हाला कोण शिकवत आहे हेच कळत नव्हते. सराव सहायक घेई, अंतिम अकरा जणी मुख्य प्रशिक्षिका निवडत, आणि त्या सरावाला अर्ध्याहून कमी वेळा असत. जाणाऱ्या मुलींसाठी मागून घेतलेला हंगाम त्या मुलींनाच मानवला नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी संघ सोडला.

उत्तराधिकारी निवडताना

आता त्या संचालक होत्या आणि स्वतःच्याच जागेवर कोण येणार हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. २०१६ च्या डिसेंबरमधील चर्चेतून त्या शिकल्या होत्या. त्यांनी निवड समितीतून स्वतःला बाजूला ठेवले, प्राध्यापक प्रतिनिधीला अध्यक्ष केले आणि समितीने दोन नावे क्रमाने सुचवावीत असे ठरवले. सहायक प्रशिक्षिकेने अर्ज केला. दुसरा अंतिम उमेदवार एका अन्य महाविद्यालयात मुख्य प्रशिक्षक असलेला पुरुष होता. त्याच्याकडे अमेरिकी सॉकर महासंघाचा ‘ए’ परवाना होता, तर सहायकाकडे त्याहून बराच खालच्या पायरीचा ‘डी’. समितीने त्याला पहिला क्रम दिला. मुलाखतीतील नोंदींनुसार सहायकाची खेळाडू शोधण्याची क्षमता ‘असामान्य’ होती, पण संघ उभा करण्याचा व सामना चालवण्याचा स्वतंत्र अनुभव ‘मर्यादित’ होता.

दोन्ही शेरे खरे होते आणि दोन्हींचे मूळ एकच होते. गेली दहा वर्षे तिच्याकडून जे काम घेतले गेले त्याचे ते वर्णन होते. परवान्याचे अभ्यासक्रम ज्या उन्हाळ्यांत करायचे ते उन्हाळे तिने संघासाठी स्पर्धांच्या कडेला उभे राहून घालवले होते, आणि मुख्य प्रशिक्षिकेची खुर्ची कार्यालयात होती म्हणून ते करावे लागले होते.

प्रशिक्षिकेपुढे आता तीन मार्ग होते. समितीचा क्रम मान्य करणे. आपला अधिकार वापरून सहायकाला नेमणे. किंवा सहायकाला एका वर्षासाठी प्रभारी नेमून परवाना पूर्ण करण्याची संधी देणे. दुसऱ्या मार्गात जुन्या आरोपाची पुनरावृत्ती होती. तिसरा मार्ग समितीच्या प्राध्यापकांनी सुचवला होता, पण त्या वेळी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलींना प्रशिक्षक कोण असेल हे सांगणे आवश्यक आहे, असा आग्रह प्रवेश विभागाने धरला. प्रशिक्षिकेने पहिला मार्ग घेतला. मला तिसरा अधिक योग्य वाटतो. प्रभारी प्रशिक्षक असलेल्या वर्षी काही मुली कमी आल्या असत्या हे मान्य करूनही, ज्या मुली येणार होत्या त्या बहुतेक सहायकाशीच बोललेल्या होत्या, हे प्रवेश विभागाने लक्षात घेतले नाही.

परिणाम

सहायक प्रशिक्षिका त्या वसंतात दुसऱ्या महाविद्यालयात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेली. प्रवेश निश्चित करण्याच्या बेतात असलेल्या काही मुलींनी महाविद्यालय बदलले. नव्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम साधारण गेला, त्यानंतर संघ सावरला.

संचालक म्हणून प्रशिक्षिकेचे काम सर्वसाधारणपणे चांगले मानले जाते. मैदानवाटपाचे नियम टिकले. ट्रेनरची पदे भरण्यासाठी त्यांनी विश्वस्तांकडून वेगळी तरतूद मिळवली. प्रशिक्षकांची अडचण त्यांना अनुभवाने ठाऊक असल्यामुळे अंदाजपत्रकाच्या चर्चेत त्यांचे बोलणे वजनदार ठरते, असे सहकारी सांगतात.

पण एक परिणाम आकड्यात दिसतो आणि तो अवघड आहे. १९७२ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतील महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले होते, असे व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कारपेंटर यांच्या दीर्घकालीन सर्वेक्षणात आढळले. पैसा आणि प्रतिष्ठा आल्यावर पुरुष या कामाकडे वळले, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे. या महाविद्यालयात काय झाले ते पाहिले तर आणखी एक वाट दिसते. महाविद्यालयाला पहिली स्त्री क्रीडा संचालक मिळाली त्याच वर्षी तेथील स्त्री मुख्य प्रशिक्षकांची संख्या एकाने घटली, आणि तिच्या जागी येऊ शकणारी स्त्री तयार होण्यात अडथळा आला तो त्याच बढतीच्या वाटेमुळे.

काय वेगळे करता आले असते

२०१० मध्ये दुहेरी पद देताना एक पान लिहिले गेले असते तरी बराच फरक पडला असता. प्रशासनातील कोणती कामे प्रशिक्षकाकडे असू नयेत हे तेव्हाही ठरवता येत होते: वाटप, तक्रारी आणि स्वतःच्या खेळाचे अंदाजपत्रक. त्यासाठी पैसे लागत नव्हते. दुहेरी पदाला मुदत घालणे, म्हणजे तीन वर्षांनी एक बाजू निवडायची असे ठरवणे, हेही शक्य होते; मुदत नसल्यामुळे तात्पुरती सोय कायमची झाली.

प्रशिक्षिकेच्या बाजूने पाहता, पद स्वीकारताना त्यांनी स्वतःसाठी बारा महिन्यांचा करार मागितला तसे सहायकासाठीही काही मागायला हवे होते: परवान्याचे शुल्क, एक मोकळा उन्हाळा, आणि हंगामातील काही सामने स्वतंत्रपणे चालवण्याचा हक्क. तेव्हा महाविद्यालयाला त्यांची गरज होती आणि मागण्याची ताकद त्यांच्याकडे होती. नंतर ती राहिली नाही. संचालक झाल्यावर त्यांनी प्रत्येक सहायक प्रशिक्षकाच्या परवान्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवायला सुरुवात केली; पहिल्या वर्षी ती ओळ कापली गेली, दुसऱ्या वर्षी अर्धी मंजूर झाली.

शेवटच्या हंगामाबाबत मतभेद होऊ शकतात. संघ सोडण्याचा निर्णय वसंतातच अमलात आणून सहायकाला २०२१ च्या हंगामासाठी प्रभारी नेमले असते, तर चौघींना परिचित प्रशिक्षिका मिळाली असती, सहायकाच्या नावावर एक स्वतंत्र हंगाम जमा झाला असता आणि समितीच्या नोंदीतील ‘मर्यादित’ हा शेरा तरी टळला असता. प्रशिक्षिकेचे म्हणणे असे की, वर्षभर न खेळलेल्या संघाला त्या वेळी आणखी एक बदल पेलला नसता. जुने संचालक त्यांच्याशी सहमत आहेत. सहायक नाही.

क्रीडा विभागात आज तीन प्रशिक्षकांकडे प्रशासकीय कामे आहेत. त्यांच्या करारांत कामांची यादी आणि तीन वर्षांची मुदत लिहिलेली आहे. पहिली मुदत संपायची आहे, आणि ती संपल्यावर पूर्णवेळ पदासाठी पैसे असतील की नाही हे वित्त विभागाने अद्याप सांगितलेले नाही.